मोरी कोणाची?

सावरगव्हाणच्या ओढ्यावरची मोरी खचली आणि नर्सबाई स्कूटीसकट खाली कोसळल्या. त्यांचा पाय मोडला. दुरुस्ती मागायला अंगणवाडीच्या गिरजाबाई ढोणे तालुक्याच्या आमसभेत गेल्या.

जिल्हा परिषदेचे अभियंते म्हणाले, "आमचा ग्रामीण मार्ग मोरीनंतर सुरू होतो."

बांधकाम खात्याचे चौबळसाहेब हसले. "आणि आमचा प्रमुख जिल्हा मार्ग मोरीच्या आधीच संपतो. बाई, रस्त्यांची वर्गवारी शिकून या."

"म्हणजे मोरी कोणाचीच नाही?"

"कागदोपत्री तरी नाही."

गिरजाबाईंनी पिशवीतून एक घडीव दगड काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"मोरीचाच आहे. बेवारस म्हणून उचलला. उरलेले उद्या ट्रॅक्टरने नेते, गोठ्याला लागतील."

चौबळ ताडकन उठले. "ही सरकारी मालमत्तेची चोरी आहे. आत्ताच पोलिसांत तक्रार देतो."

"द्या ना साहेब," गिरजाबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त तक्रारीत मालमत्ता कोणत्या खात्याची ते लिहावं लागेल. त्याची एक प्रत मला द्या."

चौबळ पुन्हा खुर्चीत बसले. तक्रार कोणी दिली नाही, पण सोमवारी मोरीचं काम सुरू झालं.