दोन रुपयांचा शेअर

स्वतःच बोलावलेल्या कराडच्या निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात शेअरतज्ज्ञ दिगंबर खासनीस भरदुपारी तासभर बोलत होते. दोन रुपयांचा एक शेअर वर्षात दोनशेचा होणार आणि ज्याला हे कळत नाही तो करंटा, असं त्यांचं म्हणणं. निम्म्या मास्तरांनी तर फंड मोडायचं मनात पक्कंही केलं.

जन्मभर गणित शिकवलेल्या इंदुमती पिसाळबाईंना मात्र हे पटेना. त्या उठल्या.

"तुमच्याकडे किती आहेत हे शेअर?"

"एक लाख," खासनीस छाती फुगवून म्हणाले.

"मग त्यातले हजारच आत्ता विका. सगळ्यांचा भजी-चहा होईल. बाजार चालू आहे ना?"

एवढ्या लोकांसमोर खासनिसांना नाही म्हणता येईना. त्यांनी मोबाइलवरून शेअर विकायला काढले. दहा मिनिटं गेली, वीस गेली, पण कुणी घेईना.

"आज गिऱ्हाईक नाही," घाम पुसत ते पुटपुटले.

"आहे की," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे काय, समोर बसलंय. त्यासाठीच तर आम्हाला जमवलंत."

मास्तर मंडळी पोट धरून हसली. फंड जागेवर राहिला आणि भजी सगळ्यांनी स्वखर्चाने खाल्ली.