थोरली हत्तीण आणि फुटायला आलेला कळप

फार फार वर्षांपूर्वी, माणसाने अजून रानाला कुंपण घातलं नव्हतं तेव्हा, एका अरण्यात छत्तीस हत्ती आपल्या पिल्लांसह राहत होते. त्यांची एक रीत होती. उन्हाळा तोंडावर आला की चाऱ्याची वाट ठरवायची. ज्यांना वाट सुचवायची त्यांनी पुढे यावं, आणि ज्याची वाट पटेल त्याच्या मागे बाकीच्यांनी उभं राहावं. ज्याच्या मागे जास्त हत्ती, त्याच्या वाटेने सगळे.

वीस वर्षं सगळे थोरल्या हत्तिणीमागेच उभे राहत आले होते. त्या वर्षी मात्र एक तरणी हत्तीण पुढे आली.

"डोंगरातला चारा संपत आलाय. नदीपलीकडे बांबूचं बन आहे, तिकडे जाऊ," ती म्हणाली. तिच्या मागे अठरा हत्ती गेले, थोरलीच्या मागे सोळा राहिले.

हरलेल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाक हत्तीचं, तेव्हा मिरच्याही तेवढ्याच!

"आजी, चल डोंगरात. आपला कळप वेगळा," ते म्हणाले.

जिंकलेलेही काही कमी नव्हते. "खुशाल जा! तुमच्यावाचून आमचं अडत नाही."

थोरलीला वाईट वाटलं. वीस वर्षांचा मान एका सकाळी गेला, वाटणारच. डोंगराची वाट तिच्या पायाखालची होती, आणि त्या वाटेवर नदीही आडवी येत नव्हती. पण ती नदी तिला ठाऊक होती. मोठ्या हत्तींनी धारेत खांद्याला खांदा लावून भिंत धरायची आणि तिच्या आडोशाने पिल्लांनी पार व्हायचं. अर्ध्या कळपाची भिंत अर्ध्या पात्रापर्यंतच पोचली असती. पुढे पिल्लांचं काय?

ती वळली ती थेट नदीकडे.

"आजी, तिकडे कुठे?" सोळाही जण ओरडले.

"वाट तिची चुकतेय, असं मला अजूनही वाटतं," ती म्हणाली. "पण पिल्लू कुणाच्या बाजूचं, हे नदी विचारत नाही."

आणि धार सगळ्यांत जोराची होती तिथे जाऊन ती उभी राहिली. काय म्हणावं या म्हातारीला! सोळा जण कुरकुरत का होईना, तिच्या शेजारी आले.

भिंत धरत धरत सगळे मध्यावर पोचले आणि पुढे चालणाऱ्या तरणीचा पाय ठरेना. भिंत डळमळली. मागे पिल्लं रडू लागली. सगळ्यांदेखत विचारणं तिच्या जिवावर आलं, तरी तिने विचारलं, "आजी, पाऊल कुठे टाकू?"

"डावीकडे. तिथे खडक आहे," थोरली म्हणाली.

त्या दिवशी एकही पिल्लू वाहून गेलं नाही. बांबू काही सांगितला होता तेवढा नव्हता, पण उन्हाळा निभला, आणि कळप एकच राहिला.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, एवढंच ध्यानात ठेवा: मतं वेगळी झाली म्हणून कळप फुटत नाही, हरलेला पाठ फिरवतो आणि जिंकलेला मान वाकवत नाही, तेव्हा फुटतो.