आचाऱ्याच्या गळ्यात टेप

एका गावात एक आचारी होता, रखमाजी नावाचा. लग्न असो, बारसं असो, जत्रेचा भंडारा असो, चूल त्याचीच पेटायची. हाताला चव होतीच, पण खरी ख्याती त्याच्या आग्रहाची. जेवणाऱ्यानं पानावर हात आडवा धरला, तर हा गडी हातावरच जिलबी ठेवायचा. कुणी उठू लागला, तर खांदा दाबून खाली बसवायचा. "माझ्या पंगतीतनं मानूस सरळ चालत गेला न्हाई पायजे," असं तो छाती फुगवून सांगायचा. आणि खरंच, लोक पोट सांभाळत डुलत डुलत घरी जायचे.

त्याची लेक शेजारच्या गावी दिली होती. व्याही निवृत्ती हा शिंपी. दिवसभर पायानं मशीन मारायचा आणि सदरा गिऱ्हाइकाच्या अंगात नेमका बसला की स्वतःच खूश व्हायचा. लेक बाळंतपणाला माहेरी आली, नात झाली, आणि बारशाला निवृत्ती आला. त्याला साखरेचा आजार होता. उजव्या पायाच्या अंगठ्याला एक जखम झाली होती, ती महिना झाला तरी भरत नव्हती. दवाखान्यातून गोड बंद करायला सांगितलं होतं.

पंगतीत निवृत्तीनं पानावर हात धरला. "व्याही, गोड नगं. डाक्टरनी मना केलंय."

"अवं, नातीचं बारसं हाय!" रखमाजी म्हणाला. "डाक्टरची न्हाई, आपली नात हाय ती. माझ्या गळ्याची आन हाय तुमास्नी."

आता व्याह्याच्या दारात बसून त्याच्या गळ्याची शपथ मोडायची कशी? निवृत्ती मूळचा भिडस्त. त्यानं पाच जिलब्या खाल्ल्या. मग रखमाजीनं त्याला चार दिवस ठेवूनच घेतलं. एक दिवस पुरणपोळी, एक दिवस बासुंदी, एक दिवस शिरा. निवृत्ती कसनुसं हसत खात राहिला. पाचव्या दिवशी सकाळी त्याचा पाय भोपळ्यासारखा सुजला आणि अंग तापानं फणफणलं. जीप करून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त तपासलं. "साखर फार चढली आहे," ते म्हणाले. "औषधं सुरू करतो. पण पंधरा दिवसांत ती उतरली नाही आणि जखम पसरली, तर अंगठा काढावा लागेल. पाऊलही जाऊ शकतं."

रखमाजी दाराशी उभा राहून ऐकत होता. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्याला वाढलेलं परत घ्यावंसं वाटलं. शिंप्याचं पाऊल गेलं तर मशीन कोण मारणार? एवढा मोठा गडी, पण भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला.

त्या दवाखान्यात आजाऱ्यांचा आहार ठरवणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना पथ्याच्या बाई म्हणत. रखमाजी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "बाई, मी आचारी हाय. काय रांधू तेवढं सांगा. ह्यो पाय मला परत पायजे."

बाईंनी नीट समजावलं. मोजून भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ, काकडी, ताक. सगळं वेळच्या वेळी. साखर-गूळ बंद, आणि औषध एकदाही चुकवायचं नाही. रखमाजीनं दवाखान्याच्या मागं धर्मशाळेत चूल मांडली आणि जीव ओतून रांधायला लागला. तिसऱ्या दिवशी साखर थोडी उतरली. रखमाजीला आभाळ ठेंगणं झालं.

पण जित्याची खोड ती! एकट्याला वाढून त्याचं मन भरेना. तो पातेलं घेऊन सगळ्या खाटांवरून फिरू लागला. शेजारच्या खाटेवर येसाजी होता, त्याला मूत्रपिंडाचा आजार. रखमाजीनं त्याला वाटीभर पालक आणि वर दोन डाव उसळ आग्रह करकरून वाढली. पलीकडे टायफॉइडमधून उठलेली चंपा नावाची पोर होती, नुसती काडी. तिच्या हातातली शिऱ्याची वाटी त्यानं काढून घेतली. "गोड म्हंजे इख, पोरी!" असं म्हणून तिला काकडी दिली. पोर भोकाड पसरून रडली.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी येसाजीच्या हातातली वाटी आधी काढून घेतली.

"रखमाजीभाऊ, हे काय चालवलंय? यांच्या मूत्रपिंडाला एवढी उसळ आणि पालक झेपत नाही. आणि या पोरीच्या अंगात जीव नाही, तिला शिरा मीच सांगितला होता."

"पर बाई, व्याह्यास्नी तर त्येनंच उतार पडतोय की!"

खाटेवर पडलेला निवृत्ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला. "व्याही, तुमच्या ह्या पोटाच्या मापाचा सदरा मी सगळ्या गावाला शिवला असता, तर गावानं मला ठिवलं असतं का?"

सगळ्या खाटा हसल्या. रखमाजीनं खाली आपल्या पोटाकडे पाहिलं, मग काडीसारख्या चंपाकडे पाहिलं, आणि ओशाळून शिऱ्याची वाटी तिला परत दिली. निवृत्तीनं नेहमी जवळ बाळगायची मापाची टेप उशाखालून काढून त्याच्या गळ्यात घातली. "शिंपी आदी माप घेतो, मग कात्री लावतो. तुमी आदी इचारा, मग वाढा."

त्या दिवसापासून रखमाजी बाईंना विचारल्याशिवाय कुणाला पाण्याचा पेलाही देईना. पंधराव्या दिवशी साखर आटोक्यात आली, जखम सुकू लागली. डॉक्टर म्हणाले, "अंगठा वाचला." रखमाजी आनंदानं पेढे आणायला धावला. दारात हात गळ्यातल्या टेपवर गेला, तसा तो मागं फिरला आणि बाईंना म्हणाला, "कुनाला काय वाटू?"

पाच महिन्यांनी नातीचं उष्टावण निवृत्तीच्या घरी झालं. पोरीच्या अंगात आजोबांनी त्याच पायानं मशीन मारून शिवलेलं झबलं होतं. स्वयंपाक अर्थातच रखमाजीचा. जिलबीचं ताट घेऊन तो पंगतीत निघाला आणि व्याह्याचं पान सोडून पुढं गेला.

रखमाजीच्या गावाहून आलेले तात्या मोठ्यानं म्हणाले, "रखमाजी, अरं व्याह्याच्या पानात जिलबी न्हाई? कुटं गेला तुजा आग्रेव? अब्रू घालवतोस का सोयरिकीत?"

रखमाजीचे कान लाल झाले. आयुष्यभर कमावलेलं नाव एका पानावर आलं होतं. ताटातली एक जिलबी उचलायला हात पुढं झालाही. पण तो अजून गळ्यात लोंबणाऱ्या टेपला लागला आणि तिथंच थांबला.

"तात्या," तो म्हणाला, "जिलबीनं माझी अब्रू ऱ्हाईल, पर त्येंचा पाय जाईल. माझी अब्रू गेली तरी चालंल." मग तो तात्यांसमोर वाकला. "आन् तुमाला काय चालतं, तात्या? काय न्हाई चालत?"

तात्या चाचरले. मग हळूच म्हणाले, "बीपी हाय रं. लोणचं-पापड बंद सांगितल्यात." आणि पानातलं लोणचं त्यांनी स्वतःच बाजूला सारलं.

मग काय, पंगतीभर तोंडं उघडली. कुणाला तिखट सोसत नव्हतं, कुणाला तळलेलं बंद होतं. इतकी वर्षं सगळे भिडेपोटी मुकाट गिळत होते, कारण कधी कुणी विचारलंच नव्हतं. ज्यांना काही पथ्य नव्हतं, त्यांनी मात्र तेवढ्यात जिलब्या मागून घेतल्या.

शेवटी रखमाजी मेथीची भाजी घेऊन व्याह्याकडे आला. निवृत्तीनं घाईघाईनं पानावर हात धरला. "बास, व्याही! चार डाव झाले!"

"मेथी चालती तुमास्नी, बाईंस्नी इचारलंय," रखमाजी म्हणाला, "माझ्या गळ्याची आन!" आणि पाचवा डाव त्यानं बरोबर हातावर वाढला.

तात्पर्य: आजार वेगळा तसं पथ्य वेगळं. ज्याच्यावर जीव आहे त्याला वाढण्याआधी विचारावं, आणि त्यानं नको म्हटलं तर त्यातच आपला मान समजावा.