आतली खुर्ची

"मग मी वाजवायचं तरी कधी, माएस्त्रो?"

ब्रेइसचा आवाज जरा चढलाच. मासळीच्या लिलावाच्या त्या लांबट शेडमध्ये खुर्च्या मांडणारी माणसं वळून बघू लागली.

म्हातारा फ्रोइलान व्हायोलिनच्या गजाला राळ चोळत होता. त्याने मान वर केली नाही.

"वाजवतोस की."

"वाजवतो! आणि ऐन रंगात आलो की थांबतो. का, तर पान उलटायचं असतं!"

तक्रार खोटी नव्हती. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवाले जोडीजोडीने बसतात. दोघांत एक स्टँड, एकच नोटेशन. पान संपलं की श्रोत्यांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो आणि आतल्या खुर्चीवरचा गज उचलून पान उलटतो, मग पुन्हा सुरात शिरतो. बाहेरच्या खुर्चीवर फ्रोइलान, सगळ्या व्हायोलिनवाल्यांचा म्होरक्या. आतल्या खुर्चीवर त्याचा शिष्य ब्रेइस. हा व्हिएन्नाहून पदक घेऊन आला होता आणि ते अजून मनातल्या मनात गळ्यात घालूनच हिंडत होता.

त्यात नशीब असं, की यंदाच्या सिंफनीतली सगळ्यात गोड ओळ नेमकी पान संपतं तिथे येत होती. ब्रेइसच्या वाट्याला तेवढीच यायची नाही.

"मला सगळं तोंडपाठ आहे," तो म्हणाला. "पान नाही उलटलं तरी माझं अडत नाही."

"माझं अडतं. मला आता काही आठवत नाही." म्हाताऱ्याला हे सांगताना जराही लाज वाटली नाही.

ब्रेइस पायाने फरशीवरचं पाणी इकडून तिकडे करत राहिला...

"आज आई येणार आहे," तो शेवटी म्हणाला.

हे त्याचंच गाव होतं. स्पेनमधल्या गॅलिशियाच्या किनाऱ्यावरचं, ढगाळ, खारट. त्याची आई इथल्या धक्क्यावर जाळी विणायची. मागे शेजारच्या गावात कार्यक्रम झाला तेव्हा तिची एक मैत्रीण ऐकून आली होती आणि जाळी विणणाऱ्या सगळ्या बायकांत तिने जाहीर केलं होतं, "अगं, तुझा पोरगा परदेशात जाऊन पानं उलटायला शिकला!" सगळ्या पोट धरून हसल्या. आईही हसली म्हणे. आईचं ते हसणं ब्रेइसच्या जिव्हारी लागलं होतं.

फ्रोइलानने शेडच्या छताकडे पाहिलं. प्रांताचा हा वाद्यवृंद जन्मला तो अशाच एका शेडमध्ये. गावोगावच्या बँडवाल्यांनी लिलाव उरकल्यावर फरश्या धुऊन तालमी केल्या होत्या. पुढे शहरात सभागृह मिळालं, झुंबरं आली, संचालक विमानाने येऊ लागले. तरी उन्हाळा लागला की सगळा वृंद बसमध्ये बसून किनाऱ्यावरच्या गावांत जातो आणि मासळीच्या शेडमध्ये वाजवतो. वास येतोच. पण त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर जुनी माणसं त्याच्याशी दोन दिवस बोलत नाहीत.

म्हातारा उठला. बाहेरच्या खुर्चीवरचा आपला कोट त्याने उचलला आणि आतल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बस."

"तुमच्या खुर्चीवर?"

"खुर्चीच आहे ती. बस."

संध्याकाळी शेड माणसांनी फुलून गेली. संचालकाने म्हाताऱ्याला आत बसलेलं पाहून भुवया उंचावल्या, पण फ्रोइलानला विचारायची हिंमत कुणात होती! त्याने मुकाट्याने ताल द्यायची काठी उचलली.

ब्रेइस जीव ओतून वाजवत होता. ती ओळ जवळ आली. पान संपलं.

फ्रोइलानने गज उचलला, दोन बोटांनी पान उलटलं... आणि तो लगेच सुरात शिरला नाही. गज गुडघ्यावर ठेवून बसून राहिला. दमून घरी आलेल्या माणसाला दारातच रश्श्याचा वास यावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. ओळ संपल्यावरच त्याने गज तारांवर टेकवला.

ब्रेइसने ती ओळ बिनचूक वाजवली. टाळ्या झाल्या. आई उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मैत्रिणीला कोपराने ढोसत होती. ब्रेइसला आभाळ ठेंगणं झालं.

नंतर तिने त्याला घट्ट मिठीत घेतलं. "छान वाजवलंस रे, बाळा!" मग हळूच म्हणाली, "तुझ्या शेजारी बसलेले ते आजोबा कोण?"

"माझे गुरू. का?"

"पान उलटून ते थांबले ना, तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत राहिले. तेवढं तुझं ऐकायचं राहूनच गेलं बघ. इतके खूश कशाने झाले होते रे?"

त्या वेळी ब्रेइसला स्वतःच्या व्हायोलिनशिवाय काहीच ऐकू आलं नव्हतं.

फ्रोइलान बाहेर एका उलट्या खोक्यावर बसून भाजलेला मासा खात होता. ब्रेइस त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"माएस्त्रो, उद्या मी आत बसतो."

"जमणार नाही."

"पण ती खुर्ची माझी आहे!"

"दुपारपर्यंत होती." म्हाताऱ्याने मजेत बोटं चाटली.

ब्रेइसला राग आला. मग त्याचं त्यालाच हसू आलं, आणि तो खाली जमिनीवरच बसला.

"निदान एवढं तरी सांगा. पान उलटल्यावर तुम्ही काय ऐकलंत?"

फ्रोइलानने एक काटा काढून बाजूला ठेवला.

"तुझ्या वयाचा होतो तेव्हा मीही आतच बसायचो. रोज सगळा वृंद ऐकायचो." त्याने सुस्कारा सोडला. "मग मला बढती मिळाली."