वाढवणीची टेकडी

उंबरखोलच्या खाडीच्या तोंडाशी, दक्षिणेच्या काठावर एक बुटकी टेकडी आहे. वर झाड नाही, देऊळ नाही. माथ्यावर कातळात कोरलेली एक दगडी वाटी आहे, घागरभर पाणी मावेल एवढी, आणि ती काठोकाठ वाळूने भरलेली आहे. ही वाळू काढून वाटी स्वच्छ का करत नाही, असं पाहुणे हमखास विचारतात. उंबरखोल इतिहास मंडळाचे सदाशिव तांडेल, ज्यांना सगळा गाव भाई म्हणतो, ते यावर "तुमची भांडी तुमच्या घरी घासा" एवढं म्हणून काठी टेकत पुढे होतात.

टेकडीचं नाव वाढवणीची टेकडी. शहरातून आलेली माणसं नाव ऐकून खूश होतात. वाढ म्हणजे भरभराट, असा त्यांचा समज. भाई त्यांना जरा वेळ खूश राहू देतात.

मंडळाचं काम बारा महिने चालू असतं. शाळेच्या पोरांना शिलालेखांचे ठसे घ्यायला शिकवणं, म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या टेपवर घेणं, जुन्या होड्यांच्या सामानाचं प्रदर्शन, कार्तिकातली पायी फेरी. कार्यक्रम कुठलाही असो, तो सभागृहात समई लावून सुरू होत नाही. आधी सगळ्यांनी ही टेकडी चढायची. एका प्रमुख पाहुण्यांनी गुडघ्याची सबब सांगितली, तर मंडळाने त्यांना खुर्चीत बसवून चौघांकडून वर नेलं. उतरताना ते चालत उतरले म्हणे.

असं का, ते भाई वर पोचल्यावर सांगतात. आधी बजावतात की याला कागद नाही, ताम्रपट नाही. मंडळ इतिहासाचं असलं तरी ही गोष्ट इतिहास आहे असं मंडळ म्हणत नाही. गावात असं सांगतात, एवढंच.

आपल्याकडे अशुभ शब्द तोंडाने उच्चारत नाहीत. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. दुकान बंद केलं नाही, वाढवलं. तसाच दिवाही वाढवायचा. उंबरखोलात तर हा नेम फार कडक होता, कारण इथल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी दर्यावर असायचं. 'विझव' हा शब्द एखाद्या लेकराने चुकून काढला, तरी आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची. असं करता करता तो शब्द गावातून नाहीसाच झाला, असं सांगतात.

तेव्हा त्या वाटीत उंडीच्या तेलाचा दिवा जळत असे. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची रांग आहे आणि तिच्यातून आत यायला एकच वाट. संध्याकाळी परतणाऱ्या होड्या दिव्यावर नजर ठेवून त्या वाटेने आत येत. दिव्याचं काम आवडी नावाच्या बाईकडे होतं. तिचा नवरा केसू तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. तो दर्यावर आणि ती टेकडीवर, असा त्यांचा संसार. मूल नव्हतं. केसूची होडी आत शिरताना तो दिव्याकडे बघून हात वर करी आणि तो तिला दिसत नसला तरी त्याने केला असणार हे तिला ठाऊक असे. तिच्या सुखाची बेरीज म्हणाल तर एवढीच होती.

त्या साली किनाऱ्यावर चाच्यांची भीती होती. वरच्या अंगाच्या दोन गावांत त्यांनी घरं जाळली होती, माणसं नेली होती. म्हणून उंबरखोलच्या राघो गावकराने, तो गावचा प्रमुख, एक बेत ठरवून दिला. तो स्वतः पैलतीरावरच्या भगवतीच्या कड्यावर बसणार. परकी शिडं दिसली की तिथून हाळी देणार. हाळी आली की आवडीने दिवा वाढवायचा. दिवा दिसेना झाला की होड्यांनी समजायचं आणि खोल पाण्यातच रात्र काढायची. अंधारात चाच्यांना वाट सापडणार नाही, गाव वाचेल. बेत शहाणपणाचा होता. त्यात खोट काढावी असं कोणालाच काही दिसलं नाही.

कार्तिकातला दिवस होता. सकाळी जाताना केसू म्हणाला, "कोकमां भिजत घाल, बांगडं आनतो." आवडीने कोकमं भिजत घातली. गावच्या सगळ्या होड्या त्या दिवशी बाहेर होत्या.

तिन्हीसांजेच्या सुमारास वारा फिरला. पश्चिमेकडून काळं आभाळ पाण्याला टेकून पुढे येऊ लागलं आणि त्याच्यापुढे जीव मुठीत धरून होड्या घराकडे पळत निघाल्या. टेकडी बुटकी, तिथून हे दिसत नव्हतं. भगवतीच्या कड्यावरून राघो गावकराला मात्र सगळं दिसत होतं. पावसाच्या झडीत दिवा मिणमिणता झालाय आणि एवढ्या उजेडावर होड्यांना वाट मिळायची नाही, हेही त्याला दिसलं. त्यातल्या एका होडीवर गावकराचा धाकटा भाऊ होता. तो कड्याच्या टोकाशी धावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "दिवा वाढव गो आवडे! दिवा वाढव!"

त्याला दिवा मोठा करायला सांगायचं होतं. घाबरलेल्या माणसाला जो शब्द आधी सुचतो तो सुचला, आणि तो साधा होता, सरळ होता.

आवडीने तो ऐकला. चाचे आले. केसू बाहेर आहे. आता त्याला रात्रभर या असल्या वाऱ्यात बाहेरच राहावं लागणार. ती वाटीजवळ उभी राहिली आणि तिचा हात पुढे होईना. पण खाली गाव होतं, पाळण्यातली पोरं होती, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं होती. केसू जाणता आहे, तो निभावून नेईल, असं तिने मनाला सांगितलं आणि पदराने वात दाबली.

पलीकडे गावकराला दिवा दिसेनासा झाला. वाऱ्याने तो आणखी बारीक झाला असं वाटून तो आणखी जोराने ओरडला, "वाढव! वाढव गो लवकर!"

आवडीला वाटलं, वातीचं टोक अजून लाल आहे, ते कड्यावरून दिसतंय. तिने दिवा वाढवायला शेजारी ठेवलेल्या ढिगातली वाळू ओंजळीने उचलली आणि वाटीत ओतली. हाळी थांबेना, तशी ती ओतत राहिली.

बऱ्याच वेळाने वाऱ्यावरून दुसरा शब्द आला. "पेटव! अगो, पेटव!"

त्या एका शब्दाने तिला सगळं कळलं. ती वाळू उपसू लागली. नखं तुटली. वात सापडली, पण तेल वाळूने पिऊन टाकलं होतं. चकमक झाडून झाडून तिचे हात रक्ताळले आणि ठिणगी काही धरेना. खालून लाकूड खडकावर आपटल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मग माणसांचे आवाज आले, आणि तिने त्यातला केसूचा ओळखला असं सांगतात. कोणी म्हणतात ओळखला नाही, आणि तेच तिला जन्मभर लागून राहिलं.

सकाळी काठावर जे सापडलं ते गावाने गोळा केलं. केसू सापडला नाही. चाचे त्या दिवशी आलेच नव्हते. त्या साली ते उंबरखोलला फिरकलेसुद्धा नाहीत. घरोघरी बांगड्या वाढल्या, गळसऱ्या वाढल्या. एवढी वाढ गावाने कधी पाहिली नव्हती, असं भाई इथे म्हणतात, आणि टेकडीच्या नावावर खूश झालेली माणसं खाली बघू लागतात.

मग गावाने जे केलं ते कुठलंही गाव करतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. राघो गावकराने सांगितलं की वाऱ्याने दिवा वाढला. सगळ्यांनी तेच धरलं. आवडीला सांभाळून घ्यावं असंही त्यात होतं, नाही असं नाही. बायका तिला जेवायला घालत, तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "तुजा काय दोष बाय, वारा होता." आवडी ताट तसंच मागे सारी. हाळीचे शब्द काय होते, ते दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक गावकर होता आणि तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

वर्ष सरलं. वर्षश्राद्धाला सारं गाव टेकडीवर जमलं. गावकर बोलायला उभा राहिला. "वाऱ्यानं दिवा वाढला आनि..."

"वारा होता," आवडी म्हणाली. "पन दिवा वाऱ्यानं नाय गेला. दिवा मी विझवला."

तो शब्द ऐकून लोकांनी कानांवर हात ठेवले. कोणी पोरांना घेऊन उतरू लागलं. गावकर म्हणाला, "आवडे, बस खाली."

"बसते. तुमी काय हाळी दिलात ती सांगा, म्हंजे बसते."

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं आणि तो दर्याकडे बघत राहिला. मग आवडीने त्याला विचारणं सोडून दिलं. म्हणाली, दर वर्षी या दिवशी सगळ्यांनी इथे यावं आणि मला विचारावं. मी सांगेन. वारा वारा म्हणून माझा नवरा आणि तुमची माणसं वाऱ्यावर सोडू नका.

बायो नावाची एक म्हातारी होती, तिचे दोन्ही लेक त्या संध्याकाळी गेले होते. ती पुढे आली. तिच्या मनात दया नव्हती. तिने आवडीच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "दिवा कोनी विझवला?"

"मी."

तेव्हापासून दर कार्तिकात हे होऊ लागलं. बायोने कधी क्षमा केली नाही. ती विचारी, आवडी सांगे, आणि मग बायो बुडालेल्यांची नावं घेई. कोण कसा होता, कोणाला काय आवडायचं, कोणाची होडी कोणत्या सुताराने बांधली. पोरं ऐकत. इतर बायकाही आपापलं सांगू लागल्या. बायो मेल्यावर विचारायचं काम दुसरीकडे गेलं. वाटी आवडीने पुन्हा वाळूने भरून ठेवली आणि ती वाळू कोणाला काढू दिली नाही. मंडळ पुढे फार वर्षांनी झालं, पण आमचं मंडळ खरं त्या बायकांनी काढलं, असं भाई म्हणतात. आम्ही नुसती पाटी लावली.

आवडी म्हातारी होऊन मेली. त्या कार्तिकात गाव नेहमीसारखं वर आलं. विचारणारीने सवयीने विचारलं, "दिवा कोणी विझवला?" आणि तिच्या लक्षात आलं की सांगणारी आता नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आता हे इथेच संपलं, असं लोकांच्या मनात आलं.

मागे, पोराच्या खांद्यावर हात टाकून, राघो गावकर उभा होता. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पाठीचं धनुष्य झालं होतं. इतक्या वर्षांत तो दर कार्तिकात वर यायचा आणि एक शब्द न बोलता उतरायचा.

"मी," तो म्हणाला.

मग त्याने हाळीचे शब्द सांगितले, जसे दिले होते तसे. सांगताना त्याला ओरडायचं होतं म्हणे, पण आवाजच उरला नव्हता. लोकांना जवळ जाऊन ऐकावं लागलं. वैशाखात तो गेला. पुढच्या कार्तिकात पुन्हा प्रश्न आला, आणि उत्तर देणारं कोणी नव्हतं, तेव्हा ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता असा एक नावाडी 'मी' म्हणाला. का म्हणाला ते त्याने सांगितलं नाही.

त्यावरूनच मंडळात एक नियम आहे. झालं, गेलं, पडलं असलं लिहिलेलं चालत नाही. प्रदर्शनात 'जुनी धर्मशाळा पडली' अशी चिठ्ठी एकदा कोणी लावली होती. भाईंनी ती काढून 'धर्मशाळा गावाने पाडली, दगड आपापल्या घरी नेले' अशी लावली. त्यावरून सहा महिने निम्मा गाव भाईंशी बोलत नव्हता. ज्यांच्या घरी दगड आहेत तो निम्मा.

आजही मंडळाचा कुठलाही कार्यक्रम या टेकडीवर सुरू होतो. पोरं असतात, पाहुणे असतात, कोणी पहिल्यांदाच खाडी बघत असतो. गावातली एक बाई पुढे येते आणि विचारते, "दिवा कोणी विझवला?" कोणाला आधी नेमलेलं नसतं, आणि मंडळाच्या माणसांनी उत्तर द्यायचं नाही असा दंडक आहे. जमलेल्यांतलं कोणीतरी 'मी' म्हणेपर्यंत कार्यक्रम सुरू होत नाही. शाळेची पोरं असली की पटकन होतं. मोठी माणसं असली की फार वेळ लागतो. सगळे आधी हसतात, मग चपलांकडे बघतात, मग वारा किती सुटलाय ते एकमेकांना सांगतात. एका वर्षी कोणीच म्हणालं नाही. व्याख्याते आलेले होते, खाली सभागृहात खुर्च्या मांडलेल्या होत्या. अंधार पडेपर्यंत माणसं इथे उभी राहिली आणि तशीच घरी गेली.

भाई एवढं सांगून बाजूला होतात. ती बाई पुढे येते.