पाण्यातलं औषध

“मग माझं चुकलं काय, बाबा? एवढंच सांगा.”

लतीफबाबांनी मान वर केली नाही. दर्ग्यामागच्या कडुलिंबाखाली ते उकिडवे बसले होते. पुढ्यात खताचं रिकामं पोतं, पोत्यावर मेलेली कोंबडी. तांबडी, भरल्या अंगाची. पाय ताठ.

“दीड दिवसात पाच गेल्या,” आसावरी म्हणाली. “गुणामावशीकडे होत्याच नऊ.”

“हं.”

“जंतांचं औषध चांगलं होतं. तारीख बघितली होती. दोनदा.”

“बरं.”

“बाटलीसुद्धा हलवून घेतली होती.”

“बरं...”

बाबांच्या ‘बरं’ची तिला पूर्वी सवय होती. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचराची नोकरी करून म्हातारा या टेकडीवर येऊन राहिला, अंगावर हिरवी कफनी चढवली, तरी लोक शेळ्या-कोंबड्या घेऊन टेकडी चढतच राहिले. आसावरीही चढायची. लग्न होऊन गावात आल्यावर दोन वर्षं ती बाबांच्या शेजारी बसून शिकली. मग अकरा दिवसांचं पशुसखीचं प्रशिक्षण झालं, खांद्याला जनावरांच्या औषधांची बॅग आली, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं, आणि टेकडी चढायची राहून गेली.

आज चढली, ती मेलेली कोंबडी घेऊन.

खरं तर तिला शिकायचं नव्हतं. तिला बाबांच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, की तुझा दोष नाही. वस्तीवर औषध पाजलेलं पहिलंच घर गुणामावशीचं. काल दुपारपासून बाकीची दारं तिला बघून लागत होती. एका दाराआडून कुणीतरी म्हणालंही, “आली बघा, कोंबड्यांची यमीण.”

बाबांनी कमरेचं पातं काढलं.

“धर पाय.”

तिने धरले. पोट उघडलं. आतडं सुतळीसारखं नव्हतं, दोरखंडासारखं फुगलेलं होतं. बाबांनी त्याला उभी चीर दिली आणि आतून पांढरे जंत बाहेर आले. शिजलेल्या शेवयांचा गुंता असावा तसे. सगळे मेलेले. एकात एक अडकून घट्ट बोळा झालेला.

आसावरीला उमासा आला. तिने तो गिळला. आणि लाज वाटावी इतक्या पटकन तिच्या तोंडून सुटकेचे शब्द निघाले.

“बघा! जंतच होते. एवढे जंत होते म्हणजे ती जाणारच होती!”

“होय. दिवाळीपर्यंत गेली असती.”

“मग...”

“काल गेली.”

दर्ग्यावरचं निशाण वाऱ्याने फडफडलं.

“किती पाजलंस?”

“पाण्यात घातलं होतं. टोपात. लेबलवर चालतं लिहिलंय.”

“मी किती विचारलं.”

“लिहिलं होतं तेवढंच.” ती थांबली. “... वर एक झाकण जास्त.”

“का?”

“खात्रीसाठी.”

बोलून झाल्यावर तिलाच ते कसंतरी वाटलं. पोरीला ताप आला की औषधाचा ड्रॉपर ती उजेडात धरून तीन वेळा बघायची. एक थेंब वर दिसला तर परत बाटलीत सोडायची. शर्वीचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेली वही उशाशी असायची. सासू हसायची, “पोर आहे का सोनं?”

“वजन केलंस कोंबड्यांचं?”

“अंदाजे...”

“आणि त्या प्यायल्या लगेच?”

“आदल्या रात्री खुराड्यातलं पाणी काढून घ्यायला सांगितलं होतं मावशींना. तहानलेल्या असल्या की सगळ्या पितील म्हणून.”

बाबांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

“तहानलेल्या नऊ. टोप एक. पहिली चोच कुणाची पडली?”

तिला दिसत होतं. तांबडी आणि तिच्या जोडीच्या चार दांडग्या टोपावर तुटून पडल्या होत्या. पंख मारून बाकीच्यांना मागे सारत होत्या. ती स्वतः तिथे उभी होती, कडेवर शर्वी, आणि मनात म्हणत होती, वा, काय छान पितायत.

“दांडग्यांनी दुप्पट ढोसलं. आतले सगळे जंत एका वेळी मेले, वाट बुजली. राहिल्या त्या मरतुकड्या. त्यांच्या वाट्याला टोपाचा तळ.” बाबांनी पातं मातीत खुपसून पुसलं. “औषध तू पाण्याला दिलंस, बेटा. कोंबडीला दिलंच नाहीस.”

आसावरीने तांबडीचे पाय सोडले.

“अंडी?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“औषध पाजल्यावर काही दिवस अंडी खायची नसतात. किती, ते बाटलीवर असतं. सांगितलंस?”

“हो. सांगितलं ना. मावशी शर्वीसाठी रोज एक अंडं पाठवतात. त्यांना त्याच दिवशी म्हटलं, दोन आठवडे आमच्याकडे अंडं पाठवू नका, शर्वीला चालायचं नाही.”

“आणि तिला?”

“कुणाला?”

“गुणाला.”

आसावरीला त्या दिवशीचं बोलणं आठवलं.

शर्वीचं अंडं बंद झाल्यावर मावशी म्हणाल्या होत्या, “बरंय बाई, आता दोन आठवडे मीच खाईन.” आणि आपण हसलो होतो. हसलो होतो.

“बाबा, मी...”

“उठ. ती आली.”

गुणामावशी टेकडी चढून वर आल्या होत्या. डोक्यावर पाटी, पाटीवर उपडं डालगं, डालग्यात उरलेल्या चार कोंबड्या. पांढुरक्या तुऱ्याच्या, छातीचं हाड वर आलेल्या. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि पोत्यावरच्या उघड्या कोंबडीकडे बघितलं. बघतच राहिल्या.

“एवढे होते?”

“एवढे होते,” बाबा म्हणाले.

“मावशी...” आसावरी पुढे झाली.

“तू शिकलेली,” मावशी तिच्याकडे न बघता म्हणाल्या. “तू म्हणालीस म्हणून रात्री पाणी काढलं मी. उन्हाळ्याचं. जिवावर आलं होतं काढायला. तरी काढलं.”

यावर काय बोलायचं असतं ते अकरा दिवसांत कुणी शिकवलं नव्हतं.

“त्या अंड्यांचं...” तिने सुरुवात केली. “तुम्ही खाऊ नका ती, मावशी. औषध उतरतं त्यात. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.”

“खाल्ली की. तीन.” मावशींनी पदराने मान पुसली. “शर्वीला नको म्हणालीस तेव्हा मला वाटलं, पोरीला उष्ण पडत असेल.”

बाबा आत गेले आणि वजनाचा ताणकाटा, कापडी पिशवी आणि सुई काढलेली सिरिंज घेऊन आले. सगळं आसावरीच्या पायाशी ठेवलं.

“चारी जणींना पाजायचंय. एकेक. पिशवीत घालून वजन कर, वजनाप्रमाणे माप काढ. या अशक्त आहेत, एकदम सगळं झेपायचं नाही. तालुक्याच्या डॉक्टरांना आत जाऊन आत्ताच फोन केला मी. आज किती आणि उरलेलं कधी, ते त्यांनी सांगितलंय. चोचीच्या कडेने, थेंब थेंब. श्वासनळीत गेलं तर हातात मरेल.”

“आणि खुराडं?” गुणामावशींनी विचारलं.

“विष्ठा रोज खरवडायची, लांब खड्ड्यात पुरायची. खालचं भुसकट सगळं काढ. जमीन कोरडी कर, उन्हं येऊ दे. नाहीतर जंतांची अंडी तिथेच राहतात आणि पुन्हा पोटात जातात.”

मावशींनी मान हलवली. मग डालगं कलतं करून एक कोंबडी बाहेर काढली आणि कुणाला काही न विचारता आसावरीपुढे धरली.

कोंबडी हलकी होती. पिसांच्या आत काहीच नसल्यासारखी. काट्यावर भरली ती किलोच्याही खाली. आसावरीने माप काढलं. सिरिंज उजेडात धरली. परत बघितलं. परत एकदा बघितलं. एक बुडबुडा होता, तो काढला.

मग चोचीजवळ नेली आणि हात थांबला.

सिरिंजचं टोक चोचीवर टक-टक आपटत होतं.

“बाबा, तुम्ही पाजा.”

“मी का?”

“माझ्या हातून अजून एक गेली तर... मावशींकडे चारच आहेत.”

“चारच आहेत,” मावशी म्हणाल्या. पण कोंबडी मागे घेतली नाही.

“तुमचा हात स्थिर आहे, बाबा. माझा बघा... माझा थरथरतोय.”

लतीफबाबा कडुलिंबाला टेकून बसले. डोळे मिटले.

“थरथरू दे,” ते म्हणाले. “पाच गेल्या त्या स्थिर हातानंच.”