कावळ्याची साक्ष

अंतोबा देसायांनी मेल्यानंतर दहाव्या दिवशी आपलं मृत्युपत्र बदललं, असं त्यांचा पुतण्या विसोबा भर दरबारात सांगत होता. आणि राजाला ते पटत होतं!

जिवंतपणी अंतोबांनी पंचांसमोर लिहून ठेवलं होतं, की घरदार, शेतीवाडी सगळं विसोबाला. फणसाची बाग आणि तिच्यातली खोपी मात्र सगुणाबाईला. ही त्यांची स्वैपाकीण. म्हातारा अंथरुणाला खिळला तेव्हा त्याला भरवलं, पुसलं, वर त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्या हिनंच. पुतण्या उगवला तो थेट तिरडी बांधायला.

पण त्याला ती बागही हवी होती. दहाव्याला नदीवर पिंड मांडला, तर कावळा काही शिवेना. म्हाताऱ्याची इच्छा राहिली म्हणून लोक कुजबुजायला लागले. तेव्हा विसोबा हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "काका, सगुणाची बागसुद्धा मीच सांभाळीन." लगेच कावळा शिवला. झालं! काकांची शेवटची इच्छा हीच, असा त्यानं दावा लावला.

राजा जिवंत माणसाला भीत नसे, पण मेलेल्याला फार भिई. तो म्हणाला, "बाई, कावळ्याकडून उलट साक्ष आणलीस तर बाग तुझी. नाहीतर उद्याच्या उद्या खोपी सोड."

त्या खोपीवाचून सगुणाबाईला डोकं टेकायला जागा नव्हती. पण दहाव्याला तिनं एक पाहून ठेवलं होतं. आधी सगळे पिंडाला खेटून उभे होते. विसोबा बोलू लागला तसे नमस्कार करत मागं सरले, आणि मगच कावळा उतरला.

दुसऱ्या दिवशी ती दहीभात घेऊन नदीवर आली. राजाही आला. तिनं सगळ्यांना, राजालासुद्धा, लांब उभं केलं. भाताचा गोळा ठेवून म्हणाली, "अंतोबा, बाग मला द्यायची असेल तर शिवा." आणि स्वतः मागं झाली. कावळा आला, घास घेऊन गेला.

विसोबा तडकला. "काकांचं पहिल्यापासून असंच. घटकेत एक, घटकेत दुसरं!"

"मग नीट विचारून घेऊ की," म्हणत तिनं दुसरा गोळा ठेवला. "अंतोबा, बाग विसोबाच्या लंगड्या म्हशीला द्यायची असेल तर शिवा."

या वेळी दोन कावळे आले. लोक तोंडाला पदर, उपरणी लावून हसू लागले.

तिनं तिसरा गोळा ठेवला. "अंतोबा, राजेसाहेबांची गादी मला द्यावी असं मनात असेल तर शिवा."

राजा "हाऽड" म्हणेपर्यंत सगळा थवाच भातावर तुटून पडला होता.

सगुणाबाईनं अदबीनं हात जोडले. "महाराज, अंतोबांची इच्छा तर कळली. वाड्यातलं सामान कधी हलवताय?"

राजा असा हसत सुटला, की त्याची पगडी वाळूत पडली. बाग आणि खोपी त्यानं तिथल्या तिथं तिला देऊन टाकली. वर आपल्या गोठ्यातली एक दुभती गाय दिली, एवढ्या साक्षीदारांना दही कमी पडू नये म्हणून.